पोरगं वाया कशानं जातं? स्वभाव, संगोपन आणि गुन्हेगारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतल्या पालकांनी, शिक्षकांनी आणि तालमीतल्या जाणत्या माणसांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. काही रागानं विचारले, काही रडत. उत्तरं देताना पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या मोठ्या अभ्यासांचा आधार घेतला आहे. जिथं मत माझं आहे तिथं तसं म्हटलं आहे. प्रसंगांतली माणसं ओळखू येणार नाहीत अशा बेतानं तपशील बदलले आहेत.

गुन्हेगार जन्माला येतो की घडतो?

इटलीतल्या सेझारे लोम्ब्रोसो या डॉक्टरनं 1876 साली मांडलं होतं की काही माणसं जन्मजात गुन्हेगार असतात आणि कपाळ, जबडा, कान यांच्या ठेवणीवरून ती ओळखता येतात. चार्ल्स गोरिंग यांनी इंग्लंडच्या तुरुंगांतल्या सुमारे 3,000 कैद्यांची मापं घेतली, बाहेरच्या माणसांशी ताडून पाहिली आणि 1913 मध्ये दाखवून दिलं की असा काही वेगळा चेहरा नसतो. शंभर वर्षं उलटली तरी ‘तोंडावरनंच कळतंय’ हे वाक्य आपल्याकडं अजून सर्रास ऐकू येतं.

चेहरा बाजूला ठेवू. स्वभावातला काही भाग आई-बापाकडून येतो, हे खरं आहे. डेन्मार्कमध्ये सार्नॉफ मेडनिक आणि सहकाऱ्यांनी 14,427 दत्तक व्यक्तींच्या नोंदी तपासल्या आणि 1984 मध्ये निष्कर्ष छापले. दत्तक गेलेल्या मुलग्यांपैकी, ज्यांचे जन्मदातेही आणि सांभाळणारेही गुन्ह्यापासून दूर होते, त्यांतल्या 13.5 टक्के मुलांना पुढं शिक्षा झाली. फक्त सांभाळणाऱ्यांना शिक्षा झालेली असेल तर 14.7 टक्के, फक्त जन्मदात्यांना झालेली असेल तर 20 टक्के, आणि दोन्हीकडं असेल तर 24.5 टक्के. शिवाय जन्मदात्यांचा हा परिणाम चोरीसारख्या गुन्ह्यांत दिसला, हिंसक गुन्ह्यांत दिसला नाही.

हे आकडे उलट्या बाजूनं वाचा. दोन्हीकडून वारसा वाईट असूनही शंभरातल्या पंच्याहत्तर मुलांना कधीच शिक्षा झाली नाही. ‘रक्तातच आहे’ असं म्हणणाऱ्यानं आधी या पंच्याहत्तर मुलांचा हिशेब द्यावा.

गुन्हेगारीचं जनुक सापडलंय म्हणे?

नाही. मेंदूतली काही रसायनं मोडणाऱ्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाबद्दल 2002 मध्ये एक अभ्यास गाजला, त्यावरून ही बातमी फिरते. त्या जनुकाचा एक प्रकार असलेल्या मुलांपैकी लहानपणी घरी अत्याचार झालेली मुलं पुढं जास्त हिंसक वागली. तेच जनुक असून घरात नीट वागवलं गेलेल्या मुलांत तसं दिसलं नाही. पुढच्या अभ्यासांत हे नातं कधी दिसलं, कधी पुसट झालं. म्हणजे या बातमीतला महत्त्वाचा शब्द ‘जनुक’ नसून ‘अत्याचार’ आहे.

काही जमातीच तसल्या असतात, हे तरी मान्य कराल ना?

नाही करणार, आणि कोल्हापूरच्या माणसानं तर हे मुळीच मान्य करू नये.

इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यानं अख्ख्या जमातीच्या कपाळावर जन्मापासून शिक्का बसला. पाळण्यातलं मूलही त्यात आलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, कुठं चोरी झाली की आधी यांच्याच पालावर धाड. हा कायदा 1952 साली रद्द झाला, पण पोलीस पाटलापासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांच्या डोक्यातला कायदा काही रद्द झाला नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी मात्र आपल्या संस्थानात 1918 मध्येच हजेरीची पद्धत बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी हुडकून आणवलं, राहायला जागा दिली, कामाला लावलं आणि त्यांतल्या काहींना थेट स्वतःच्या पहाऱ्यावर नेमलं. ज्यांना बघून गाव दार लावून घेत होतं, त्यांच्या भरवशावर छत्रपती झोपत होते. त्याच काळात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला आणि जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. वागणूक परिस्थितीतून घडते आणि परिस्थिती बदलता येते, हे त्यांनी मानसशास्त्राचं पुस्तक न उघडता करून दाखवलं.

आजही हा प्रश्न शाळेच्या शिक्षकखोलीत जिवंत आहे. वर्गात पेन हरवलं की कुणाचं दप्तर पहिलं उघडलं जातं, ते बघा. रोज ज्याचं दप्तर पहिलं उघडलं जातं, त्या मुलाला एक दिवस वाटतं की नाव तर झालंच आहे. समाजशास्त्रात शिक्का मारण्याच्या या परिणामावर भरपूर लिहिलं गेलं आहे. पोलीस आणि कोर्टाची पायरी लवकर चढलेली मुलं, तशाच वागणुकीच्या पण पकडल्या न गेलेल्या मुलांपेक्षा, पुढं अनेकदा जास्त गुन्हे करताना दिसली आहेत.

स्वभावातल्या नेमक्या कोणत्या गोष्टी धोक्याच्या?

सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो उतावळेपणाचा. मनात आलं की करून मोकळं होणं, थांबता न येणं. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांचा माग संशोधक आजतागायत काढत आहेत. 3 ते 11 वर्षांच्या वयात ज्या मुलांचा स्वतःवर ताबा कमी होता, त्यांना वयाच्या बत्तिशीपर्यंत शिक्षा होण्याचं प्रमाण जास्त निघालं. घरची सांपत्तिक स्थिती आणि बुद्ध्यांक हिशेबात धरूनही हा फरक उरला. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं, की ज्या मुलांचा ताबा मोठं होताना सुधारला, त्यांचं पुढचं आयुष्यही अपेक्षेपेक्षा बरं गेलं. म्हणजे हा गुण शिकण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट कमी मुलांत आढळते, पण जास्त गंभीर आहे: दुसऱ्याला लागलं, दुखलं तरी काहीच न वाटणं, पकडल्यावर लाज नाही, पश्चात्ताप नाही. तिसरी, धोका पत्करण्यातच मजा वाटणं.

चौथी गोष्ट कोल्हापूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. रंकाळ्यावर दोन पोरं उभी आहेत. तिसरा बाजूनं जाताना नजर टाकतो. एकाला वाटतं, ओळखीचा दिसतोय का बघत असेल. दुसऱ्याला वाटतं, खुन्नस देतोय. ‘काय बघतोयस रं?’ इथून सुरू झालेलं प्रकरण कधीकधी दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात संपतं. केनेथ डॉज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं दाखवलं आहे की आक्रमक मुलं समोरच्याच्या साध्या हालचालीतही वाईट हेतू वाचतात, आणि घरात मार खाल्लेल्या मुलांमध्ये ही सवय जास्त आढळते. त्या पोराच्या दृष्टीनं तो हल्ला करत नसतो, स्वतःला वाचवत असतो. म्हणूनच ‘भांडू नको’ एवढं सांगून भागत नाही. ‘तो का बघत असेल, याची आणखी दोन कारणं सांग’ हा सराव करून घ्यावा लागतो. आठवी-नववीच्या मुलांना यातली गंमत कळली की ती स्वतःच कारणं रचायला लागतात.

मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी 1964 मध्ये बहिर्मुख स्वभावही या यादीत घातला होता. पुढच्या पुराव्यांनी त्याला नीटशी साथ दिली नाही. तुमचं मूल बडबडं आणि उनाड असेल तर त्यावरून झोप उडवून घेऊ नका.

पोराला राग फार आहे. तालमीत घालू का?

घाला, पण तालीम बघून घाला.

शिवाजी पेठेतल्या एका तालमीत वस्तादांकडं चौदा वर्षांचा मुलगा आणला होता. शाळेत एकाचा दात पाडून आलेला. वस्तादांनी त्याला कितीतरी दिवस डाव शिकवलाच नाही. पहाटे यायचं, हातात फावडं घ्यायचं आणि हौदातली लाल माती उकरायची, एवढंच. ताक, तेल, हळद पडलेली ती माती जड असते, पाच मिनिटांत दंड भरून येतात. मध्येच त्यानं फावडं आपटलं की वस्ताद काही न बोलता बोटानं कोपरा दाखवायचे, म्हणजे तो कोपरा परत पहिल्यापासून. पुढं लढत लावली तीही त्याच्यापेक्षा थोराड आणि शांत जोडीदाराशी. नियम एकच, ज्याचं डोकं फिरलं तो त्या दिवसापुरता हौदाबाहेर. शिव्या नाहीत, कानाखाली नाही, बापाला निरोप नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ये.

या शिकवण्यात काय काय आहे बघा. नियम ठरलेला आहे आणि रोज तोच आहे. शिक्षा लगेच होते, लहान असते आणि संपते. अपमान नाही. आणि उद्या परत यायला दार उघडं आहे. मुलांच्या वागणुकीवर काम करणारे तज्ज्ञ पालकांना महिनोन्‌महिने हेच शिकवतात.

पण व्यायामानं आपोआप राग उतरतो, हा गैरसमज आहे. जिथं वस्ताद हजर नसतो, नुसती शरीरं कमावलेली पोरं संध्याकाळी कट्ट्यावर बसतात आणि कुणाच्या तरी ‘भाई’च्या वाढदिवसाचे फलक लावतात, तिथं राग कमी होत नाही, त्याला गिऱ्हाईक मिळतं.

घरातलं नेमकं काय चुकतं?

लंडनच्या दक्षिण भागात 1961 पासून 411 मुलग्यांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. डोनाल्ड वेस्ट आणि पुढं डेव्हिड फॅरिंग्टन यांनी त्यांचा माग अनेक दशकं घेतला. नंतर गुन्हेगारीकडं वळलेल्या मुलांच्या बालपणात काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: उतावळा स्वभाव, अभ्यासात मागं पडणं, गरिबी, घरात आधीच कुणाला तरी झालेली शिक्षा, आणि वाढवण्यातला कच्चेपणा. या कच्चेपणात तीन गोष्टी येतात. मूल कुठं आहे याचा पत्ता नसणं. कठोर आणि त्यातही आज एक उद्या दुसरी अशी शिस्त. आणि आई-बापांची आपसातली भांडणं. एकेक गोष्ट सुटी असेल तर तिचा जोर फारसा नसतो, चार-पाच एकत्र आल्या की मूल खरोखर धोक्यात येतं. आणखी एक: त्या 411 पैकी जेमतेम 7 टक्के मुलांच्या नावावर एकूण शिक्षांपैकी निम्म्याहून अधिक होत्या. म्हणजे सगळ्या पोरांवर संशय घेण्यापेक्षा थोड्या घरांना लवकर आणि भक्कम मदत देणं शहाणपणाचं.

शिस्तीतला हा घोळ कसा दिसतो? सहा वर्षांचं पोरगं मोबाइल मागतं. आई ‘नाही’ म्हणते. ते भोकाड पसरतं. आई ओरडते. ते जमिनीवर लोळतं. शेजारीण डोकावते, कुकरची शिट्टी होते, आई मोबाइल हातात देते आणि घर गप्प होतं. मूल शिकलं की आवाज वाढवला की मिळतं. आई शिकली की दिलं की शांतता. उद्या बाप घरी असतो, तो त्याच मागणीला दोन रट्टे देतो. परवा तोच बाप खुशीत असतो आणि स्वतःहून मोबाइल देतो. अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत जाऊन, शेजारी बसून असे प्रसंग टिपले आणि दाखवलं की आक्रमकपणाचं पहिलं शिक्षण याच रोजच्या झटापटींत होतं. यात वाईट आई कुणी नाही. दमलेली आई आहे, आणि तिच्या मदतीला कुणी नाही.

म्हणजे पोरावर चोवीस तास नजर ठेवायची?

नजर ठेवून फार कळत नाही. स्वीडनमध्ये हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी 2000 साली छापलेल्या अभ्यासात शोधलं की पालकांना मुलांबद्दल जे माहीत असतं ते कुठून येतं. बहुतांश माहिती मुलांनी आपणहून सांगितलेली निघाली. खोदून विचारण्यातून, मोबाइल तपासण्यातून फार थोडी. त्यामुळं खरा प्रश्न असा, की तुमचं पोरगं तुम्हाला काय काय सांगू शकतं? ‘आज शाळा बुडवून पन्हाळ्याला गेलो होतो’ हे खरं सांगितल्यावर घरात जर पट्टा निघत असेल, तर पुढच्या वेळी तुम्हाला काही कळणार नाही. चूक आपणहून खरी सांगितली तर शिक्षा वेगळी आणि हलकी ठेवा.

दोन रट्टे दिल्याशिवाय पोरं सरळ होतात का? आम्हीही मार खाऊनच मोठे झालो.

मोठे झालात, पण मारामुळं झालात असं नाही. कॅथी विडम यांनी 1989 मध्ये लहानपणी छळ किंवा हेळसांड झालेल्या मुलांची तुलना तशाच वस्तीतल्या इतर मुलांशी केली. अठरा वर्षांच्या आत पोलिसांनी पकडल्याची नोंद पहिल्या गटात 26 टक्के मुलांची होती, दुसऱ्यात 17 टक्के. नुसती हेळसांड झालेल्या, कधीही मार न खाल्लेल्या मुलांतही पुढं हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. हात न उगारता मुलाकडं साफ दुर्लक्ष करणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावं.

शाळेबद्दल सांगायचं तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे.

लाडानं पण बिघडतात की!

प्रेमानं बिघडत नाहीत. नियम नसण्यानं बिघडतात. डायना बाउमरिंड यांनी 1960 च्या दशकापासून केलेल्या कामातून हेच पुढं आलं, की माया आणि ठाम नियम दोन्ही एकत्र असलेल्या घरांतली मुलं सगळ्यांत सावरलेली असतात. पोरानं गाडी ठोकली आणि बापानं वजन वापरून प्रकरण मिटवलं, तर त्याला लाड म्हणू नये. ते गुन्ह्याचं शिक्षण आहे.

मी एकटीच मुलाला वाढवतेय. लोक म्हणतात, बापाचा धाक नाही म्हणून पोरगं वाया जाणार.

लोकांना हे आकडे ऐकवा. बोस्टनजवळ वाढलेल्या मुलांचा अभ्यास जोन मॅकॉर्ड यांनी 1982 मध्ये मांडला. आई-वडील एकत्र, पण घरात सतत भांडण, अशा घरांतल्या 52 टक्के मुलांनी पुढं गुन्हे केले. घर मोडलेलं, पण आई मायेची, अशा घरांत हेच प्रमाण 22 टक्के होतं. एकत्र आणि शांत घरांत ते 26 टक्के, म्हणजे जवळपास तितकंच. घर मोडलेलं आणि मायाही नाही, तिथं मात्र 62 टक्के. मूल मोडतं ते भांडणानं आणि मायेच्या अभावानं. माप घरातल्या पुरुषांच्या संख्येवर ठरत नाही. तुम्हाला गरज आहे ती धाकाची नाही, जोडीदारीची: मामा, आजी, एखादी शिक्षिका, जी पोराची विचारपूस करेल आणि तुम्हाला दोन तास झोपू देईल.

गरिबीमुळं गुन्हेगारी वाढते का?

काही अंशी, आणि बहुतेक वेळा आडवाटेनं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दोन पाळ्या करणाऱ्या बापाला पोराशी बोलायला वेळ उरत नाही. ऊसतोडीच्या फडावर आलेल्या कुटुंबांतल्या मुलांची शाळा दर हंगामात तुटते. गरिबी आधी संगोपनाचा श्वास कोंडते. पण ठेवीदारांना दामदुप्पटीचं आमिष दाखवून बुडवणारे गरीब घरातले नसतात, त्यांच्या बालपणाची चर्चा मात्र कुणी करत नाही.

मुली यात कमी का दिसतात?

जगभर हेच दिसतं. काही भाग स्वभावातल्या सरासरी फरकाचा आहे, बराच भाग मुलींवरच्या कडक देखरेखीचा. ज्या थोड्या मुली पकडल्या जातात, त्यांच्या मागं घरातले अत्याचार असण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळतं. मुलगी घरातून पळाली तर आधी हे विचारा की ती कशापासून पळाली.

मग गावित मायलेकींचं प्रकरण कसं समजून घ्यायचं?

हा प्रश्न कोल्हापुरात हमखास येतो. अंजना गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, यांना 1996 मध्ये अटक झाली. चोरी करताना आड म्हणून वापरायला लहान मुलं पळवायची आणि नको झाली की मारून टाकायची, असा तो अंगावर काटा आणणारा प्रकार होता. अंजना खटल्याआधीच मरण पावली. मुलींना 2001 मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावर सरकारनं लावलेल्या विलंबामुळं 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेत बदलली.

इथं आईच म्होरकी होती, त्यामुळं लोक लगेच ‘संगोपन’ म्हणून मोकळे होतात. चोरी हाच घरचा धंदा असेल तर मूल तो शिकतं, हे खरं. पण चोरांच्या घरातली बहुसंख्य मुलं कुणाचा जीव घेत नाहीत. अशा टोकाच्या प्रकरणात घर, स्वभाव, तिघींनी एकमेकींना दिलेली साथ आणि दर वेळी सुटून गेल्यानं चेपलेली भीड हे सगळं एकत्र येतं. माझं मत असं, की एवढ्या दुर्मीळ प्रकरणावरून पोरांच्या संगोपनाचे धडे काढू नयेत. काढायचाच तर एक धडा यंत्रणेसाठी आहे: गरीबाघरचं मूल हरवल्याची तक्रार आली की ती पहिल्या तासात गांभीर्यानं घ्या.

एखादा क्रूर वागला की तो ‘सायकोपॅथ’ असतो का?

दुसऱ्याच्या दुःखाचं काही न वाटणाऱ्या, पश्चात्ताप नसलेल्या माणसासाठीचा हा शब्द बातम्यांत फार स्वस्त झाला आहे. रॉबर्ट हेअर यांनी त्यासाठी तपासणीची पद्धत बनवली, आणि ती प्रशिक्षित माणसानंच, मुलाखत आणि कागदपत्रं पाहून वापरायची असते. मुलांना हे नाव कधीच लावू नये, स्वभाव अजून आकार घेत असतो. आणि मानसिक आजार म्हणजे गुन्हेगारी नव्हे. बहुसंख्य मनोरुग्ण कुणालाही इजा करत नाहीत, उलट त्यांच्यावरच अन्याय होतो.

पोरगं चांगलं होतं, संगतीनं बिघडलं. असं होतं का?

होतं, विशेषतः तेरा ते अठरा या वयात. टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये दोन वाटा मांडल्या. थोडी मुलं अगदी लहानपणापासून आक्रमक असतात आणि मोठेपणीही तशीच राहतात. त्यांच्यात स्वभाव आणि घर दोन्हीकडून अडचण असते. बाकीची पुष्कळ मुलं फक्त किशोरवयात वाकडी चालतात आणि विशी-पंचविशीत आपोआप रुळावर येतात. मिशी फुटलीय पण कमाई नाही, मोठं म्हणवून घ्यायचंय पण कुणी म्हणत नाही, त्या मधल्या काळात वाकडेपणा हाच मोठेपणा वाटतो.

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये मुलांना गाडी चालवण्याचा एक खेळ दिला. एकटं खेळताना किशोर आणि मोठी माणसं सारखाच धोका पत्करत होती. मित्र शेजारी बसल्याबरोबर किशोरांचा धोका सुमारे दुप्पट झाला, मोठ्यांचा फारसा बदलला नाही. शाहू स्टेडियमवर पेठेच्या दोन संघांचा सामना संपल्यावर दगड उचलणारा पोरगा घरी एकटा असताना दगड उचलत नाही. आता त्यात मोबाइल आला. तलवारीनं केक कापल्याचं रील टाकलं की शेजारचा मित्रच नव्हे, अख्खी पेठ एकाच वेळी बघत असते.

संगत तोडायला लावून पोरगं तुटतं. त्या मित्रांना घरी बोलवा, पोहे करा, नावं विचारा. जिच्या हातचं खाल्लंय तिच्या पोराला नको तिथं नेताना थोडा तरी संकोच होतो.

एकदा कोल्हापूरचं कळंबा जेल दाखवून आणलं तर घाबरून सुधारेल?

अमेरिकेत 1970 च्या दशकात हे फार लोकप्रिय झालं. मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दम द्यायचा. नंतर जेव्हा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना झाली, तेव्हा दम खाऊन आलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केलेले आढळले. पोरांना तिथं शिक्षा दिसत नाही, दरारा दिसतो. हा नाद सोडा.

सतरा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी नेलंय. आता काय?

आधी श्वास घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलाला 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढं हजर करावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक महिला. जामीन हा नियम आहे, नाकारायचा तर कारण द्यावं लागतं. मुलाचं नाव, फोटो, शाळा छापणं किंवा व्हायरल करणं गुन्हा आहे, मग तो शेजाऱ्यांचा ग्रुप का असेना.

सोळा ते अठरा वयात, किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ प्राथमिक पडताळणी करतं: मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची समज, कोणत्या परिस्थितीत हे घडलं. त्यानंतर प्रकरण बालन्यायालयाकडं जाऊ शकतं, तरी फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप होत नाही.

पालकांना सांगायची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येतात, शाळेत विचारतात. तेव्हा घरची इभ्रत राखायला खोटं सांगू नका. बाप दारू पिऊन मारत होता, पोरगं दोन वर्षं शाळेत गेलेलं नाही, डोक्याला मार लागला होता, हे सगळं सांगा. मुलाला काय मदत द्यायची ते त्यावरच ठरतं.

बालपण वाईट होतं म्हणून गुन्हा माफ करायचा का?

नाही. ज्याला भोसकलं त्याच्या आईला आरोपीचं बालपण सांगून चालत नाही. कारण कळणं आणि दोष पुसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण किती आणि कसली शिक्षा द्यायची, हे ठरवताना बालपण मोजावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सांगितलं की फाशीच्या प्रकरणांत आरोपीची कौटुंबिक पार्श्वभूमी, शिक्षण, मानसिक स्थिती यांची माहिती सुरुवातीलाच गोळा करा. आणि किरकोळ, पहिल्या गुन्ह्यासाठी तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याची सोय असलेला 1958 चा परिवीक्षा कायदा आहे, जो आपल्याकडं हवा तितका वापरला जात नाही.

तुरुंगात जाऊन आलेला माणूस सुधारतो का?

सुधारतो. बोस्टनच्या 500 गुन्हेगार मुलांची माहिती ग्लुक दांपत्यानं जमवली होती. जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन यांनी त्यातल्या अनेकांचा सत्तरीपर्यंत माग काढला. एकसारखं बालपण असूनही वाटा फार वेगळ्या निघाल्या. टिकणारी नोकरी, चांगलं लग्न, जुन्या टोळक्यापासून दूर नेणारा बदल, यांनी माणसं वळली.

आपल्या शेजारी आटपाडीला औंध संस्थानानं 1939 मध्ये स्वतंत्रपूर ही खुली वसाहत काढली. भिंती नाहीत, कैदी कुटुंबासह राहतात आणि शेती करतात. ती आजही आहे. कळंब्याच्या कारागृहातल्या बंद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले आहेत आणि भाविकांनी ते कपाळाला लावून खाल्ले आहेत. तोच माणूस सुटून आला की त्याला भाड्यानं खोली मिळत नाही, हे मला फार लागतं.

भाऊ खुनाच्या गुन्ह्यात आत आहे. त्याची दोन मुलं माझ्याकडं आहेत. तीही तशीच होतील का?

धोका थोडा जास्त आहे, पण तो तुमच्या हातातला आहे. बाप कुठं आहे ते वयाला झेपेल अशा शब्दांत खरं सांगा. ‘दुबईला गेलाय’ सांगाल तर शाळेत कुणीतरी खरं सांगेल आणि मुलाचा तुमच्यावरचा विश्वास जाईल. त्यांच्यासमोर बापाला शिव्या देऊ नका आणि त्याचं कौतुकही करू नका. राज्यातल्या कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो, त्यात लहान मुलांना जाळीशिवाय बापाला भेटता येतं. कळंब्याला चौकशी करा. रागाच्या भरात ‘बापावर गेलायस’ हे वाक्य घरात कुणीही, अगदी आजीनंही, उच्चारू नये. वर्गशिक्षकांपैकी एकाच विश्वासाच्या माणसाला कल्पना देऊन ठेवा.

मदत कुठं मिळेल?

मूल प्राण्यांना मुद्दाम त्रास देतं, आगी लावतं, पुन्हा पुन्हा चोरी करतं, लहान भावंडाला इजा करून हसतं, यातलं काही सतत दिसत असेल तर वय वाढायची वाट बघू नका. वयाच्या दहा वर्षांच्या आत सुरुवात केली तर फळ लवकर मिळतं. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं पालकांनीही सोबत जायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलावर अत्याचार होत असेल, मूल हरवलं असेल किंवा एकटं सापडलं असेल तर 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी. फोन करणाऱ्यानं नाव सांगायलाच हवं असं नाही.